कुत्र्यासाठी घरचा गारवा

कलघटगी हे नाव काढले की धारवाडकडील माणसाला प्रथम आठवतात ते तेथील पाळणे. लाकडी, रंगविलेले, अंगावर रामायणातले आणि कृष्णलीलेतले प्रसंग मिरविणारे. हुबळीहून येल्लापूर-अंकोल्याकडे निघालेला रस्ता सुमारे ३० किलोमीटरवर या गावात येतो आणि पुढे मलनाडच्या झाडीत शिरतो. झाडी जवळ असली तरी चैत्र-वैशाखाच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली क्षणभर बसवत नाही. त्या वेळी घरातली माणसे ताक पितात, पन्हे करतात. फार तर मुले शीतकपाटातली कुल्फी काढून आणतात. दाराशी जीभ बाहेर काढून धापा टाकीत पडलेला कुत्रा हे सारे पाहत असतो. एखादे कनवाळू मूल आपल्या कुल्फीचा तुकडा त्याच्यापुढे टाकते आणि तो एका घासात नाहीसाही होतो. आजचा विषय त्या तुकड्याचा आहे. श्रोत्यांपैकी काहींना तो थट्टेचा वाटेल. पण ज्यांच्या घरी कुत्रा आहे, ते हसणार नाहीत.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी आहेत त्या मुख्यतः पंजांच्या तळव्यांत, आणि त्यांचा उपयोग बेताचाच. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे खरे साधन म्हणजे धाप. जिभेवरून, तोंडातून आणि नाकातून वाफ होऊन जाणारे पाणी त्याला निववते. म्हणजे तो गार राहतो तो पाणी खर्चून. त्याच्या शरीराचे स्वाभाविक उष्णतामान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, आपल्याहून थोडे अधिकच. ते ४१ अंशांच्या वर गेले की जिवावर बेतते. तेव्हा त्याच्यासाठी गोठविलेला पदार्थ करावयाचा तो मुख्यतः पाण्याचा. चवीपुरते काही त्यात घालावे, म्हणजे एरवी भांड्याला तोंड न लावणारा कुत्राही तो आवडीने चाटतो आणि चाटता चाटता पाणी पोटात जाते. बाजारचे आइस्क्रीम याच्या नेमके उलट असते: साखर आणि स्निग्धांश भरपूर, पाणी कमी. शिवाय पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. दोन घटका जीभ गार होते आणि रात्री घरच्यांना जागरण घडते.

या भागात आंबील घरोघर ठाऊक आहे. ज्वारीचे वा नाचणीचे दोन चमचे पीठ तांबाभर पाण्यात चांगले शिजवून पातळ पेज करावी, पूर्ण निवल्यावर तीत वाटीभर आंबट नसलेले ताक मिसळावे. मीठ नाही, लसूण नाही, हिरवी मिरची नाही, फोडणीचे तर नावच नको. हे मिश्रण बर्फाच्या साच्यात ओतून रात्रभर ठेवले की सकाळी त्याच्या वड्या तयार. ताकात विरजणामुळे दुधातली साखर काहीशी कमी झालेली असते. म्हणून दुधापेक्षा ते बरे सोसते. तरीही पहिल्या दिवशी एकच वडी द्यावी आणि दुसऱ्या दिवशी शौचाकडे लक्ष ठेवावे, हे उत्तम.

मांसाहारी घरी याहून सोपा उपाय आहे. कोंबडीचे वा मटणाचे तुकडे नुसत्या पाण्यात उकळावेत. कांदा-लसूण आणि मसाला पडण्यापूर्वीच कुत्र्याचा वाटा काढून घ्यावा. रस गार झाला की वर चरबीचा थर जमतो, तो काढून टाकावा. हाडे गाळून बाजूला करावीत. शिजलेले हाड फुटते, त्याच्या चिरा होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. उरलेल्या रसात तितकेच पाणी घालून तो गोठवावा. हा पदार्थ मी पहिल्या क्रमांकाचा मानतो, कारण याला नाक मुरडणारा कुत्रा विरळा.

फळांपैकी कलिंगड बिया व साल काढून चालते, केळेही थोडे चालते. धारवाड जिल्ह्यात हापूसची मोठी लागवड आहे, तेव्हा आंब्याचा प्रश्न येणारच. गराचा एखादा चमचा ताकात घालण्यास हरकत नाही. पण कोय त्याच्या हाती, म्हणजे तोंडी, लागू देऊ नये. कोय गिळून आतडे अडले तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते.

साच्याविषयी थोडे सांगावयास हवे. दगडासारखा टणक बर्फाचा मोठा खडा जोराने चावला तर कुत्र्याचा दात फुटू शकतो. म्हणून लहान कुत्र्यासाठी मिश्रण पसरट ताटलीत पातळ थर देऊन गोठवावे आणि ताटलीच त्याच्यापुढे ठेवावी. तो चावणार नाही, चाटेल. मोठ्या कुत्र्यासाठी वाटीत गोठवून, देण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावे. बर्फाने कुत्र्याचे पोट फुगून तो मरतो, अशी एक समजूत आहे. तिला पुरावा नाही. मात्र कोणतीही गोष्ट अधाशासारखी गिळू देऊ नये हे खरे. आणि असल्या खाऊचा वाटा दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा.

ज्यांच्याकडे शीतकपाट नाही, त्यांनी जुन्या कुल्फीवाल्याची युक्ती आठवावी. फोडलेल्या बर्फात मीठ मिसळले की त्याचे उष्णतामान शून्याच्या पुष्कळ खाली जाते. प्रमाण साधले तर उणे २१ अंशांपर्यंत. झाकणाच्या डब्यात मिश्रण भरून तो डबा या बर्फात फिरवीत राहिले की ते गोठते. ते खारे पाणी तेवढे लगेच दूर ओतावे. कुत्रा ते चाटू पाहतो, आणि इतके मीठ त्याला विषासमान आहे. अमेरिकेतील बोस्टनहून जहाजाने आलेला बर्फ १८३३ साली कलकत्त्यास उतरला, तेव्हा तो साहेबांच्या पेल्यांसाठी होता. आज तो दारच्या कुत्र्यालाही मिळावा, ही काळाची चांगली करणी म्हणावयाची!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याला जे पथ्याचे, ते कुत्र्याला पथ्याचे असेलच असे नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजलेले, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन त्याच्या हृदयावर आणि मज्जासंस्थेवर आघात करते. श्रीखंड-बासुंदीत सुवासाला घातलेले जायफळही त्याला अपायकारक. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि किती दाण्यांनी होतील याचा नेम नाही. विजापूर, तासगाव, सांगली हा तर द्राक्षांचाच मुलूख. घरोघरी बेदाणे असतात. २०२१ साली अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी या विषबाधेमागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत मांडले. तेच आम्ल चिंचेतही विपुल असते. तेव्हा चिंचेचे सार किंवा पन्हे गोठवून देण्याचा विचारही करू नये. मधुमेही माणसांसाठी निघालेल्या ‘बिनसाखरेच्या’ काही पदार्थांत झायलिटॉल नावाचे गोड द्रव्य असते. ते कुत्र्याच्या पोटात गेले की अर्ध्या तासात त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते आणि पुढे यकृतही बिघडते. आजोबांच्या आइस्क्रीममधला चमचा नातवाने कुत्र्याला भरविला, तर त्यात माया पुष्कळ असेल, पण परिणाम भयंकर होईल. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आपण ऐकत आलो. संतांची गोष्ट वेगळी; आपण तूपही बेतानेच घालावे, कारण अतिस्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते.

दुसरे असे की, गोठविलेली वडी हा खाऊ आहे, औषध नव्हे. कुत्रा अतोनात धापा टाकतो, लाळ दाट होते, हिरड्या लालभडक दिसतात, तो अडखळतो, ओकतो, कोसळतो, ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी त्याच्या तोंडात बर्फ कोंबू नये, शुद्ध हरपली असेल तर पाणीही ओतू नये. त्याला सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी भरपूर ओतावे, वारा घालावा, आणि अंग भिजवीतच पशुवैद्याकडे न्यावे. अर्धा तास वाट पाहण्यात पुष्कळ कुत्री दगावतात.

कुत्र्याच्या जातीचाही येथे संबंध येतो. धारवाडच्या उत्तरेकडे मुधोळ आहे, घोरपड्यांचे जुने संस्थान. तेथील सडपातळ, लांब नाकाचा, आखूड केसांचा शिकारी कुत्रा आपल्या मुलखाच्या उन्हाला साजेसा घडला आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. याउलट चपट्या नाकाचा पग. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीने त्याला घरोघरी नेले. त्याची श्वासाची वाटच अरुंद, त्यामुळे धापेचे साधनच अपुरे पडते. हौसेने असला कुत्रा आणणाऱ्याने दुपारी ११ ते ४ त्याला घराबाहेर काढू नये. खाऊच्या वड्या कितीही केल्या तरी ही उणीव भरून निघत नाही. तसेच पत्र्याच्या खोपटात साखळीला बांधलेल्या कोणत्याही कुत्र्याला वडीच्या आधी सावली हवी.

राहता राहिली गल्लीतली कुत्री. त्यांच्यासाठी वड्या करण्याची गरज नाही. झाडाखाली मातीचे पसरट भांडे ठेवावे, ते रोज घासून ताजे पाणी भरावे, नाहीतर त्यात डास होतात. उन्हाळ्यात येथे वीज वारंवार जाते, हेही ध्यानात असू द्यावे. साच्यातले मिश्रण वितळून कोमट झाले असेल, तर ते पुन्हा गोठवून कोणत्याच कुत्र्याला देऊ नये. टाकून द्यावे आणि साचा कढत पाण्याने धुवावा.