पायाखालच्या खडकाचा नकाशा
(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: यंदा किती विहिरी झाल्या? प्रश्न रास्त आहे, कारण पैसा तुमचा आहे. आज मात्र विहिरींच्या आधी मी एका नकाशाबद्दल बोलणार आहे. रस्त्यांचा नव्हे, सात-बाऱ्याचाही नव्हे. जमिनीखाली कोणता खडक कुठून कुठवर आहे हे दाखवणारा तो भूगर्भशास्त्रीय नकाशा. मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा घेतलेला माणूस. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काम करताना जेवढे शिकावे लागले, तेवढेच सांगतो.

तिथे पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहतात. एवढे पाणी जाते कुठे? उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेला. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. पण सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काही भेगाळलेले, तर काही बारीक पोकळ्यांचे. त्या शेवटच्या प्रकाराला विहीर खणणारे 'मांजऱ्या' म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडा मातकट पट्टाही सापडतो. पाणी भेगांतून खाली उतरते, घट्ट थराशी अडते आणि आडवे सरकते. डोंगराचा उतार जिथे तो सांधा कापतो, तिथे झरा फुटतो.

हा सांधा कुठल्या उंचीवर आहे हे ठाऊक नसताना खणणे म्हणजे नशिबाची परीक्षा. आमच्या भागातल्या एका पाड्यावर एका योजनेतून २५० फूट बोअर मारली गेली. वर आली ती नुसती धूळ. त्याच पाड्याच्या वरच्या अंगाला बारमाही ओल असलेली जागा होती. म्हाताऱ्या बायकांना ती माहीत होती, पण कागदावर कुठेच नव्हती.

असा नकाशा काही कार्यालयात बसून होत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ ओढ्याओढ्याने, कड्याकड्याने चालतात, हातोडीने खडक फोडून पाहतात, थर कुठे बदलला त्या जागेची उंची टिपतात आणि अशा शेकडो टिपणांतून रेषा ओढतात. आपल्या देशात हे काम १८५१ साली स्थापन झालेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था करते. तिचे नकाशे 'भूकोश' या संकेतस्थळावर आज कोणालाही पाहता येतात. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. करदात्याच्या पैशातून झालेले ज्ञान करदात्यालाच मोकळे झाले.

तरी पाड्यापर्यंत ते पोचत नाही. एक तर सगळ्या खुणा आणि नावे इंग्रजीत. दुसरी अडचण प्रमाणाची. नेहमीचा नकाशा एकास पन्नास हजार या प्रमाणाचा असतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीची वाडी त्यावर दोन मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीच्या एका ठिपक्याएवढी. तालुक्याचे नियोजन त्यावर होईल. एका झऱ्याचे किंवा एका घराचे होणार नाही.

आणि प्रश्न फक्त पाण्याचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर देशभर दरडींच्या धोक्याचे नकाशे करण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. चार लाख चौरस किलोमीटरपेक्षा अधिक डोंगराळ प्रदेश त्यात आला. ते काम मोलाचे आहे, पण त्याचेही प्रमाण तेच, एकास पन्नास हजार. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी झोपेतच दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, हे नंतर विधिमंडळात सांगण्यात आले. खडकावर बांधलेल्या घराचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. आता तो वाचताना माझ्या मनात येते, की त्या घराच्या वरच्या अंगाला कोणता खडक होता?

म्हणून आम्ही गेल्या दोन उन्हाळ्यांत तीन पाड्यांवर एक साधे काम केले. उपलब्ध नकाशा मोठा करून छापला आणि समाजमंदिराच्या जमिनीवर पसरला. नुसता मोठा केल्याने तपशील वाढत नाही, हे उघड आहे. तपशील चालून भरावा लागतो. पाड्यातली मुले-मुली उंची मोजायचे यंत्र घेऊन हिंडली. झरे, जुन्या विहिरी, पावसात जमिनीला पडणारी चीर, सगळे वारली आणि कोकणा बोलीतल्या नावांनी नोंदवले. नोंदी एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी जागेवर येऊन तपासल्या. तेव्हा दिसले, की पाच झरे जवळजवळ एकाच उंचीवर आहेत. एक आजी म्हणाल्या, "मग आमी काय येगळं सांगत व्हतो?"

असे गावपातळीवरचे काम पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था पूर्वीपासून करत आली आहे. सातारा जिल्ह्यात रणदुल्लाबादच्या शेतकऱ्यांनी गावाखालचे पाणी नकाशावर समजून घेतले आणि शेतीसाठी बोअर न मारण्याचे ठरवले. नकाशा समजलेले गाव आपणहून नियम करते. सरकारी फलक लावून ते होत नाही.

आमच्याच काही सहकाऱ्यांना एक भीती वाटते. खडक उघड केला, की मागोमाग खाण येईल. भीती पोकळ नाही. मी ती हसण्यावारी नेत नाही. पण ज्यांना खाण हवी आहे ते हे नकाशे आधीपासून वाचतात, त्यांच्याकडे वाचणारी पगारी माणसे आहेत. न वाचता येणारी बाजू एकच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा परवाना देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. कुठला डोंगर, कुठला झरा, हेच समोर नसेल तर लोक शिफारस कशावर करणार? अंगठा तेवढा उठेल.

यंदा आणखी चार पाडे घ्यायचे आहेत. त्यासाठी लागणारी रक्कम एका बोअरच्या खर्चापेक्षा कमी आहे. हिशेब या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. पैशापेक्षा मला माणसे हवी आहेत. तुमच्या मंडळीत भूगोलाचे किंवा भूगर्भशास्त्राचे शिक्षक असतील, निवृत्त सर्वेक्षक असतील, इंग्रजी खुणांचे सोपे मराठी करू शकणारे कोणी असेल, तर त्यांचे नाव पाळकांकडे द्या. राहण्याची सोय पाड्यावर होते. नाचणीची भाकरी आणि डास दोन्ही मिळतील. काम मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना करावे लागते, कारण तेव्हाच कुठला झरा खरोखर जिवंत आहे ते कळते. पहिल्या पावसाआधी नोंदी पूर्ण करून त्याची एक प्रत ग्रामसभेत, एक शाळेत आणि एक तहसील कार्यालयात द्यायची आहे.