बॅग गेली तरी बॅटरी सोडायची नाही

आजचा भाग छोटा आहे, पण कॅमेरा घेऊन विमानात बसणाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐका.

माझं गाव सूर्यमाळ, तालुका मोखाडा. नोकरी बंगळुरूला, कोडिंगची. पण आमच्या भागात बोहाडा असला की मी सुट्टी टाकतोच. रात्रभर सोंगं निघतात, मधे कॅमेरा चार्जिंगला कुठे लावणार? म्हणून पाच जादा बॅटऱ्या सोबत असतात.

मागच्या वेळी निघताना आजीने हातात सुटे पैसे कोंबले. "वाटेत चहा घे रे." घाईत मी ते बॅटऱ्यांच्याच पाऊचमध्ये टाकले. खोडाळा, कसारा, तिथून लोकल आणि मग मुंबई विमानतळ. बॅटऱ्या केबिन बॅगेत होत्या, म्हणजे नियमाने सगळं बरोबर. पण गेटवर सांगितलं, "वर जागा नाही, तुमची बॅग खाली सामानात जाईल." मागे रांग, मी बॅग देऊन मोकळा! चार पावलं गेलो आणि आठवलं, बॅटऱ्या आत आहेत. धावत परत गेलो, बॅग उघडली. पाऊचमध्ये बॅटऱ्या आणि आजीची नाणी एकत्र खुळखुळत होती.

यात एवढं घाबरण्यासारखं काय? बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला तर शॉर्ट सर्किट होतं. लिथियम बॅटरी तापत जाते, एक सेल शेजारच्या सेलला तापवतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, क्रू पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतो. खाली सामानात ते बघायला कुणीच नसतं. तिथला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण तापलेला सेल थंड करत नाही.

३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात आग लागली. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. विमान कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून तर प्रवासी विमानातून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यावरच बंदी आली. आपल्या पाच बॅटऱ्या म्हणजे तेवढा साठा नाही, पण तापण्याची रीत तीच.

आता कामाचं. जादा बॅटरी आणि पॉवर बँक कायम केबिनमध्ये. वॉट-अवर काढायचे तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ७.२ व्होल्ट, २२८० एमएएच म्हणजे साधारण १६.४. शंभरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर एअरलाइनची मंजुरी हवी, आणि अशा जादा बॅटऱ्या दोनच. एकूण किती चालतात ते प्रत्येक एअरलाइनचं वेगळं, तिकीट काढतानाच बघून घ्या.

प्रत्येक बॅटरीला टोपण लावा, नसेल तर टोकांवर चिकटपट्टी. फुगलेली बॅटरी प्रवासात नकोच. तिला टोचू नका, कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका, ई-कचरा केंद्रात द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाऊच वेगळा ठेवा, हात घातला की निघेल असा. बॅग मागितली तर आधी पाऊच काढायचा, मग बॅग द्यायची.

आजीचे पैसे आता खिशात ठेवतो. चहाही घेतो.

कॅमेरेवाल्या मित्राला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!