मत कीं नेमणूक?

आपल्या जिल्ह्याचा जिल्हाधिकारी कोण असावा, हें आपणांस कोणी विचारीत नाहीं. बदलीची बातमी वर्तमानपत्रांत वाचावी आणि नव्या साहेबांचें नांव ध्यानांत ठेवावें, एवढाच आपला त्यांतील वाटा. यांत कांहीं वावगें आहे असें मला मास्तरकीच्या साऱ्या हयातींत कधीं वाटलें नाहीं. परंतु २०२२ च्या दिवाळींत माझ्या कन्येनें अमेरिकेंतून आपल्या मतपत्रिकेचा नमुना पाठविला, आणि माझ्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. तोच आज मी आपल्यापुढें मांडणार आहे.

माझी कन्या कॅलिफोर्निया राज्यांतील सांता क्लारा नांवाच्या काउंटींत राहते. काउंटी म्हणजे ढोबळ मानानें आपला जिल्हा. अमेरिकेंत अशा काउंट्या तीन हजारांहून अधिक आहेत. लुइझियाना राज्यांत त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कांत बरो म्हणतात. आणि कनेक्टिकट राज्यानें तर १९६० सालीं काउंटीचा कारभारच मोडीत काढला. टेक्सासमधील लव्हिंग काउंटींत २०२० च्या शिरगणतींत अवघीं ६४ माणसें भरलीं, तर लॉस एंजेलिस काउंटींत एक कोटीहून अधिक. तेव्हां सर्वांना एकच नियम लागू असेल अशी अपेक्षा आपण करूं नये. काउंटीचा कारभार कसा चालावा हें ज्या त्या राज्याचा कायदा ठरवितो.

त्या मतपत्रिकेवर शाळामंडळाचे सभासद होते, न्यायाधीश होते, आणि शेरीफही होता. मुंबईकरांना शेरीफ हें नांव एक मानाचें पद म्हणून ओळखीचें आहे. तेथील शेरीफ मात्र शोभेचा नव्हे. काउंटीचे पोलीस आणि तुरुंग त्याच्या हातीं असतात. शब्द मूळचा इंग्लंडांतला. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे त्यावरचा राजाचा कारभारी. इंग्लंडांत हें पद आजही राजाच्या नेमणुकीचें आहे; अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत तें मतदारांच्या हातीं गेलें.

सांता क्लाराची व्यवस्था थोडक्यांत अशी. पांच विभागांतून पांच सुपरवायझर चार वर्षांसाठीं निवडून येतात. धोरण आणि अंदाजपत्रक त्यांच्याकडे. शेरीफ, डिस्ट्रिक्ट अॅटर्नी म्हणजे सरकारी वकील, आणि मालमत्तेची आकारणी करणारा असेसर, हे तिघे साऱ्या काउंटीच्या मतांनीं निवडले जातात. या उमेदवारांपुढें मतपत्रिकेवर पक्षाचें नांव नसतें. सरकारी वकील होऊं इच्छिणारा वकील असावाच लागतो, आणि शेरीफाच्या उमेदवाराला पोलीसकामाचा अनुभव दाखवावा लागतो. उलट, दैनंदिन कारभार पाहणारा मुख्य कार्यकारी अधिकारी मतांनीं येत नाहीं. त्याला ते पांच सुपरवायझर नेमतात आणि तेच दूर करूं शकतात. त्याच्या खालचे हजारों नोकर गुणवत्तेच्या नियमांनीं घेतले जातात.

या दुहेरी रचनेमागें मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत अशी लाट आली कीं, जेवढीं पदें निवडणुकीचीं तेवढी लोकशाही मोठी. मग कारकुनापासून कॉरोनरपर्यंत सारे मतांवर येऊं लागले. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा. त्याला वैद्यक येत असलेंच पाहिजे असेंही पुष्कळ ठिकाणीं नव्हतें! मॅसॅच्युसेट्स राज्यानें १८७७ सालीं कॉरोनर रद्द करून त्या जागीं वैद्य नेमले. उरलेल्या नेमणुकांत वशिल्याचा बाजार भरला. १८८१ सालीं अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर नोकरी न मिळालेल्या एका माणसानें गोळी झाडली, आणि १८८३ सालीं संघराज्याच्या नोकऱ्यांसाठीं परीक्षेचा कायदा झाला. लॉस एंजेलिस काउंटीनें १९१३ सालीं अंमलांत आलेल्या सनदेनें तीच वाट धरली.

परंतु वाद मिटला नाहीं. फ्लोरिडांतील मायामी-डेड काउंटींत पोलीसप्रमुख कित्येक वर्षें नेमणुकीचा होता. २०१८ सालीं मतदारांनीं राज्यघटना बदलून तेथें पुन्हां शेरीफाची निवडणूक आणली, आणि ती २०२४ सालीं झाली. लॉस एंजेलिसच्या मतदारांनीं २०२२ सालीं उलट बाजूनें लगाम घातला. निवडून आलेल्या शेरीफालाही सबळ कारण असल्यास सुपरवायझरांच्या पांचपैकीं चार मतांनीं दूर करतां येईल असें त्यांनीं ठरविलें. त्यांनींच २०२४ सालीं सुपरवायझर पांचाचे नऊ करण्यास आणि मुख्य कार्यकारी अधिकारी २०२८ पासून मतांनीं निवडण्यास कौल दिला. म्हणजे एकाच देशांत लंबक दोन्ही बाजूंना हेलकावे खात आहे.

हें सारें वाचून मी कन्येला लिहिलें, “तुरुंगाचा अधिकारी मतांवर निवडणें मला पटत नाहीं. मतें मागणारा माणूस कायदा सांभाळील कीं मतदार?”

माझ्या या मतामागें एक जुनी जखम आहे. मी नोकरींत असतांना एका स्थानिक संस्थेच्या सभासदानें आम्हां शिक्षकांना आपल्या प्रचारास जुंपूं पाहिलें. माझ्या एका सहकाऱ्यानें साफ नकार दिला. महिन्याच्या आंत त्याची दूरच्या एका खेड्यांत बदली झाली. तो गणित शिकवीत असे. सातवीच्या मुलांना मार्चपर्यंत गणिताला मास्तर मिळाला नाहीं. मीं तेव्हां एक शब्द काढला नाहीं. त्या दिवसापासून माझा समज झाला कीं, निवडून आलेल्यांचा हात नेमणुकीपासून दूर असावा, म्हणजे झालें.

कन्येचें उत्तर आलें, “बाबा, आमचा शेरीफ वाईट निघाला तर त्याला आम्ही मतांनीं घरीं पाठवूं शकतों. तुमच्या मित्राच्या बदलीवर सही कोणाची होती?”

सही एका नेमलेल्या अधिकाऱ्याची होती. त्याची परीक्षा झालेली होती, त्याची नेमणूक नियमानुसार होती. सभासदानें सांगितलें आणि अधिकाऱ्यानें सही केली. सभासद म्हणे, सही माझी नव्हे. अधिकारी म्हणे, इच्छा माझी नव्हे. मत आणि परीक्षा, दोन्ही वाटा तेथें होत्या. आणि दोहोंच्या मधल्या अंधारांत माझा मित्र सांपडला.

म्हणून आतां मला असें वाटतें कीं, दिशा ठरविणारा मतांनीं यावा आणि विद्येचें काम परीक्षा दिलेल्यानें करावें, एवढ्यानें भागत नाहीं. कोणीं काय ठरविलें हें उघड्यावर दिसलें पाहिजे. कॅलिफोर्नियांत १९५३ पासून असा कायदा आहे कीं, स्थानिक मंडळांच्या सभा लोकांसमक्ष व्हाव्यात. नित्याच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधीं लावावी लागते. त्या सभेंत सामान्य मनुष्यही उठून बोलूं शकतो.

बोलूं शकतो, आणि त्यानें बोलावें. मी त्या वेळीं बोललों नाहीं, हें मीं गेल्या महिन्यांत त्या मित्राच्या घरीं जाऊन त्याला सांगितलें. तो हंसला आणि म्हणाला, “त्या खेड्यांतलीं मुलें गणितांत बरीं निघालीं.” परंतु आमच्या सातवीच्या मुलांचा हिशेब राहिला तो राहिलाच.

श्रोतेहो, आपणांवर तशी वेळ आल्यास सही कोणाची आणि इच्छा कोणाची, हे दोन्ही प्रश्न मोठ्यानें विचारा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.