डाळ शिजवणारं पाणी आणि फ्लोराइड
(केळापूर तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात झालेले भाषण)



कापसाच्या भावावर आपण दर मेळाव्यात बोलतो, आजही बोलूच. त्याआधी थोडं पाण्यावर बोलायचं आहे. आपल्या भागात पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. दात घासत नाही म्हणून पोरं बोलणी खातात. पण ते डाग घासून जात नाहीत, कारण ते वरून लागलेले नाहीत. दात घडतानाच आतून बसलेले आहेत. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडचा अभ्यास २००७ साली 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. म्हणजे गोष्ट नवी नाही. गावातल्या हापशीपर्यंत ती पोचली नाही, एवढंच.

फ्लोराइड म्हणजे काय, ते मिठावरून समजून घेऊ. सोडियम हा असा धातू की पाण्यात टाकला तर भडका उडतो. क्लोरीन हा विषारी वायू. १९१५ साली पहिल्या महायुद्धात तो सैनिकांवर सोडला होता. हे दोघे एकत्र आले की आपण भाकरीबरोबर खातो ते मीठ होतं! सोडियमजवळ एक इलेक्ट्रॉन वरचा असतो, क्लोरीनला एक कमी पडतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण होतो, आणि दोघे एकमेकांना धरून बसतात. अशा भार असलेल्या कणाला आयन म्हणतात. देणारे बहुधा धातू असतात. फ्लोरीन हा क्लोरीनचाच भाऊबंद, पण घेण्याच्या बाबतीत सगळ्यांत हावरट. त्याचा ऋण आयन म्हणजे फ्लोराइड. खडकात तो कुणा ना कुणा धातूला धरूनच असतो.

ही पकड सगळीकडे सारखी नसते. एक लिटर पाण्यात मीठ साडेतीनशे ग्रॅम विरघळतं. कॅल्शियम फ्लोराइड मात्र जेमतेम १६ मिलिग्रॅम. म्हणून पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की ते फ्लोराइडला आवरून धरतं. आता आपल्या काळ्या मातीकडे या. तिच्या चिकणकणांवर ऋण भार असतो, म्हणून ती धन आयन धरून ठेवते. खतातलं पोटॅश पहिल्याच पावसात वाहून जात नाही ते यामुळे. खोल बोअरचं पाणी अशा चिकणमातीला वर्षानुवर्षं लागून राहिलं, की चिकणमाती त्यातलं कॅल्शियम घेते आणि बदल्यात सोडियम देते. कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइडला आवरणारं कोणी उरत नाही.

मायबहिणींनो, इथे खरी मेख आहे. पाणी चांगलं की वाईट हे आपण कशावरून ठरवतो? डाळ शिजते का, साबणाला फेस येतो का. डाळ न शिजणारं ते जड पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. डाळ लवकर शिजते त्यात कॅल्शियम कमी. म्हणजे आपली कसोटी नेमकी तीच हापशी निवडते जिथे फ्लोराइडला वाव जास्त! प्रत्येक हलकं पाणी वाईट असं नाही, आणि जड पाणी निर्धोकच असंही नाही. पण डोळ्याला, जिभेला आणि डाळीला फ्लोराइड कळत नाही. उकळूनही ते जात नाही. पाणी आटतं आणि ते दाट होतं.

लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोय नसेल तर दीड, ही भारतीय मानकाची मर्यादा. त्यापुढे धोका. दात आणि हाडं कॅल्शियम फॉस्फेटची. फ्लोराइड तिथे जाऊन ठाण मांडतं. आठ वर्षांच्या आतल्या लेकरांचे दात बिघडतात. प्रमाण फार असेल आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालं, तर मान, कंबर, गुडघे आखडतात. निंदणीला वाकता येत नाही, आपण वात समजून तेल चोळत बसतो. आखडलेलं हाड औषधाने पुन्हा मोकळं होत नाही.

नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुन्याची 'नलगोंडा' पद्धत बसवली. तुरटीतलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला घेऊन तळाशी बसतं. पण माप पाणी तपासूनच ठरतं; घरी अंदाजाने तुरटी टाकू नका. आमच्या मते आधी दुसरी विहीर शोधावी. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असतं, पण ती झाकलेली आणि औषध टाकलेली हवी. फ्लोराइडवाली हापशी धुण्याभांड्यांना ठेवा, पिण्याला आणि स्वयंपाकाला नको. लेकरांना काळा चहा देऊ नका, चहाच्या पानातही फ्लोराइड असतं. दूध, तीळ, शेवग्याचा पाला पोटात जाऊ द्या; त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला आतड्यातच अडवतं.

आता कामाचं. प्रत्येक हापशीचं पाणी वेगळ्या बाटलीत घ्या. बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको. त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून भरा, हापशीची जागा आणि तारीख चिकटवा, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणीला पाठवा. येणारा आकडा ग्रामपंचायतीने हापशीवर रंगवावा, हा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. आकडा पावसाळ्याआधी आणि नंतर बदलू शकतो, तेव्हा वर्षातून दोनदा पाठवा.

आता कापसाच्या भावाकडे वळू.