कॅम्पबेल बे येथील माझे दिवस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कोल्हार येथे केलेले भाषण)



कार्यवाहांनी मजविषयी जे गौरवोद्गार काढले, त्यांतील निम्म्याहून अधिक केवळ त्यांच्या स्नेहाचे आहेत. मी बेटावर गेलो तो विहिरी उपसावयास, आणि पहिलीच विहीर मी बिघडविली. ही हकीकत सांगितल्यावाचून बाकीचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला व त्याच्या लाटांनी अंदमान-निकोबारात अनर्थ केला. ग्रेट निकोबार हे त्यांतील अगदी दक्षिणेकडचे बेट. तेथे सरकारने १९६९ पासून निवृत्त सैनिकांची कुटुंबे वसविली. पंजाबी, तमिळ, मल्याळी यांच्या शेजारी आपली मराठी कुटुंबेही होती. जंगल तोडून त्यांनी नारळी-सुपारीच्या बागा उभ्या केल्या. त्या एका सकाळी किनाऱ्यालगतच्या त्यांच्या वस्त्या वाहून गेल्या. एका सेवाभावी पथकाबरोबर मी २००५ च्या फेब्रुवारीत चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला आणि तेथून दुसऱ्या बोटीने कॅम्पबेल बे येथे पोचलो. बोट लागल्यामुळे माझे काय हाल झाले, ते भोजनापूर्वी सांगण्याजोगे नाही.

मजजवळ आपल्या मंडळाने दिलेल्या घोंगड्यांचा गठ्ठा होता. तेथे ऐन माघातही अंगाला घामाच्या धारा लागत, आणि पत्र्याच्या निवाऱ्यात दुपारी बसवत नसे. शेवटी त्या घोंगड्या आम्ही छपरावर अंथरल्या व त्यांवर पाणी शिंपडू लागलो. तेवढाच थंडावा. देणाऱ्यांना मी दोष देत नाही. घरोघर फिरून गोळा करणाऱ्यांत मीही होतो, आणि तेथे काय हवे आहे हे कोणास विचारावे, असे मलाही सुचले नव्हते.

आता विहिरीविषयी. लाटेचे पाणी विहिरींत शिरून त्या खारट झाल्या होत्या. प्रवरेकाठच्या माणसाला विहीर उपसण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. इंजिन लावावे, तळ गाठावा, गाळ काढावा, की नवे झरे गोडे पाणी देतात! त्याप्रमाणे मी सलग तीन दिवस इंजिन चालविले. चौथ्या दिवशी पाणी पहिल्यापेक्षा खारट लागले. मी अधिकच जोराने उपसा करू लागलो. तेव्हा तेथील एक वृद्ध काकू, सैनिकाची पत्नी, काठाशी येऊन म्हणाल्या, “दादा, ही तुमची प्रवरा नव्हे. हिच्या खाली समुद्र आहे. तुम्ही त्यालाच वर ओढता आहात.”

त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते, हे मागाहून समजले. समुद्रकाठच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट उंच असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. आणि वरचे एक फूट उपसले, की खालचे खारे पाणी तितक्याच पटीने वर चढू लागते. त्या वर्षी श्रीलंकेतही अति उपशाने अनेक विहिरी अशाच अधिक खारट झाल्या. मी इंजिन बंद केले. पुढे गाळ बादल्यांनीच हलक्या हाताने काढला आणि पावसाची वाट पाहिली. त्या बेटांवर वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे जेमतेम ५००. मे महिन्यात पावसाने जोर धरला. जूनअखेर काकूंनी त्या विहिरीच्या पाण्याचा चहा मला पाजला. किंचित मचूळ होता, पण मी दोनदा मागून घेतला.

जमिनीची गोष्ट मात्र इतकी सुखाची नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि कालव्यांच्या पाण्याबरोबर आपल्या भागात खारवट जमिनीही आल्या. चर खणावे, गोड्या पाण्याने क्षार धुवावेत, हा उपाय आपणांस ठाऊक आहे. एका मराठी माजी सैनिकाने मला आपली बाग दाखविली व विचारले, “भाऊ, किती वर्षांत सुधारेल?” मी उत्साहाने चरांची आखणी सांगू लागलो. तो काहीच बोलला नाही. सायंकाळी भरती आली आणि पाणी वाळलेल्या नारळींच्या बुंध्याशी चढले. केवळ लाट येऊन गेली असती तर पावसाने क्षार धुतले असते. पण तेथे जमीनच एक मीटरहून अधिक खचली होती. दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटपाशी, ती चार मीटरहून अधिक खचली आणि तेथील दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला. रोज दोनदा समुद्र ज्या शेतात येतो, तेथे चर खणून काय उपयोग?

ती रात्र मला झोप आली नाही. ज्याने तीस वर्षे त्या मातीत घातली, त्याला ती गेली हे परक्या माणसाने कसे सांगावे? सकाळी मी सांगितले. तो म्हणाला, “मला दिसतेच आहे. पण अर्जात नुसते ‘दिसते’ लिहून चालत नाही. भरतीच्या खुणा मोजून देता का?”

मग आम्ही दोघांनी खुंट्या, सुतळी व टेप घेऊन पौर्णिमा व अमावास्या अशा दोन्ही भरत्यांची पाणरेषा आखली. प्रत्येक नारळीला क्रमांक घातला. अर्जाची नक्कल मी माझ्या अक्षरात केली. शेवटी त्याने आपला जुना सैनिकी क्रमांक लिहिला आणि खाली सही केली.