लेकरू कोणी धरायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, की "बाई, तुमच्या आयुष्याबद्दल अर्धा तास बोला." सदतीस वर्षे मी वर्गात उभी राहून बोलले, तेव्हा बोलण्याची भीती नाही, पण स्वतःबद्दल बोलावयाचे म्हणजे अडचण होते. खेड्यातल्या प्राथमिक शिक्षिकेच्या आयुष्यात सांगण्यासारखे असते काय? सकाळी एस.टी., दिवसभर खडू, संध्याकाळी पुन्हा एस.टी. आणि मग चूल. बदल्या सहा झाल्या. पगार कधी वेळेवर झाला, कधी उशिरा. एवढ्यात सगळे आले. म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे. मी शाळेत असताना माझे लेकरू कोणी धरले, आणि माझ्या शाळेतल्या मुली कोणाचे लेकरू धरून बसत, ती ही गोष्ट.

सुरुवात माझ्या आईपासून केली पाहिजे. तिचे बाळपण निजामी राजवटीत, मन्याडकाठच्या एका खेड्यात गेले. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. गावात शाळा म्हणजे मारुतीच्या देवळात एक पंतोजी, आणि तीही मुलग्यांसाठी. आईच्या पाठीवर तीन भाऊ. थोरला देवळात पाढे म्हणे आणि ही धाकट्याला कडेवर घेऊन पाराजवळ उभी राहून ऐके. तिला तिसापर्यंतचे पाढे पाठ होते, पाउणकी-निमकीसुद्धा. पण अक्षर येत नव्हते. ती म्हणे, "पाढा कानानं येतो गं, अक्षराला डोळे लागतात. माझे डोळे कडेवरच्या पोरावर." १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपला मुलूख मोकळा झाला, तेव्हा तिचे लग्न होऊन गेले होते. १९५१ च्या शिरगणतीत सबंध देशात शंभर बायकांमागे नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. तेव्हा ती काही जगावेगळी नव्हती.

माझा जन्म १९५५ चा. म्हणजे मी हैदराबाद राज्यात जन्मले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, आणि हे सारे कंधारच्या वेशीबाहेर पाऊल न टाकता! माझ्या वेळेपर्यंत गावात शिक्षणाचे वारे वाहू लागले होते. भाई केशवराव धोंडगे यांची राजकीय मते कोणाला पटोत वा न पटोत, त्यांनी संस्था काढली तिच्या नावातच 'मोफत' हा शब्द घातला, ही गोष्ट मला लहानपणापासून फार मोठी वाटत आली. शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले, तेव्हा तालुक्यातल्या कितीतरी घरांना आपल्यातलेच कोणी गेल्यासारखे झाले. फी माफ झाल्यामुळे गरिबाची मुले शाळेत आली, यात शंका नाही. मुलीही आल्या. परंतु मुलीला घरी अडकवून ठेवणारी गोष्ट फी ही नव्हतीच, हे मला मास्तरीण झाल्यावर कळले.

त्याच्या आधीचे एक चित्र मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. मी मॅट्रिक झाले ते १९७२ साल. त्या वर्षीचा दुष्काळ येथे बसलेल्या थोरल्या बायकांना सांगावयास नको. चांगल्या घरच्या बायका डोक्यावरून पदर पुढे ओढून रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होत्या. मी माझ्या मावशीची भाकरी घेऊन तेथे जात असे. तेथे एका लिंबाला सात-आठ झोळ्या टांगलेल्या, आणि खाली एक म्हातारी बसलेली. तिच्याने हातोडा उचलवत नव्हता. ती एका हाताने या झोळीला झोका देई, दुसऱ्या हाताने त्या झोळीला, आणि रांगणाऱ्यांना पायाने अडवी. हजेरी मांडणारा कोणी भला माणूस होता. त्याने तिचीही हजेरी इतरांसारखीच मांडली. मावशी म्हणाली, "ती म्हातारी नसती तर आम्ही आठ जणी घरी बसलो असतो." पुढे २००५ चा रोजगार हमीचा देशभराचा कायदा झाला. त्यात नियम होता, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली, तर एका बाईने ती सांभाळावयाची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावयाची. मी तो नियम वाचला आणि मला ती म्हातारी आठवली. कायद्यात लिहिलेले असते ते कामावर किती ठिकाणी दिसते, हे तुम्ही आपापल्या गावी जाऊन पाहा.

नांदेडला डी.एड. करून १९७६ मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. १९७९ मध्ये मुलगी झाली, १९८२ मध्ये मुलगा. बाळंतपणाची रजा तीन महिन्यांची. तीन महिन्यांचे पोर घरी टाकून बारा मैलांवर जावयाचे, म्हणून मी नोकरी सोडण्याच्या विचारात होते. आमच्या सासूबाई शाळेची पायरी न चढलेल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "तू लोकाची लेकरं संभाळ, तुझं मी संभाळते." विषय संपला. त्यांनी दोन्ही नातवंडे वाढवली, शेळीचे दूध पाजून, गुटी उगाळून, रात्री गोष्टी सांगून. माझी मुलगी त्यांना 'आई' म्हणे. आणि गावात सगळे मला 'बाई' म्हणतात हे ऐकून ती चार वर्षांची होईपर्यंत मलाही 'बाई'च म्हणे! शेजारणी हसत. मीही हसे. रात्री मात्र ते हसू टिकत नसे.

सासूबाई १९९६ मध्ये गेल्या. मी २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि मला पेन्शन सुरू झाली. ती माझ्या एकटीच्या नावावर येते. सरकारच्या कागदात त्यांची एका दिवसाचीही नोकरी नाही.

आता शाळेकडे वळते. माझी पहिली शाळा दोन खोल्यांची, पहिली ते चौथी. एका खोलीत गुरुजी, दुसऱ्या खोलीत मी. पहिल्याच आठवड्यात तिसरीतली एक मुलगी भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. आत येईना. म्हणाली, "बाई, याला कुठं ठेवू?" आई-बाप निंदणीला गेलेले. मी म्हटले, "ठेव इथंच." दुसऱ्या दिवशी अशा तिघी आल्या. मग मी घरून जुने लुगडे नेले आणि वर्गाच्या आढ्याला झोळी बांधली. पाढे म्हणताना पाळीपाळीने एकेकीने दोरी ओढावयाची. सतराचा पाढा झोक्याच्या तालावर फार लवकर पाठ होतो, हे कोणत्याही डी.एड.च्या पुस्तकात नाही. गुरुजी आधी कुरकुरले. पण महिनाभरात मुलींचा पट वाढला तेव्हा गप्प बसले.

एकदा तपासणीला एक साहेब आले. झोळी पाहून त्यांनी शेरेबुकात लिहिले, की शाळेचे पाळणाघर करू नये. साहेबांपुढे बोलण्याची तेव्हा पद्धत नव्हती. मी झोळी सोडली आणि साहेबांची गाडी वेशीबाहेर गेल्यावर पुन्हा बांधली. पुढे कित्येक वर्षांनी अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक वाचले, तेव्हा मनाला मोठा धीर आला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि अनुताई त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. मोठी मुलगी धाकट्याला धरून बसते म्हणून शाळेत येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटले. गुरे राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा नेली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. म्हणजे जे काम कोसबाडला मोठे ठरले, त्याबद्दल मला शेरा मिळाला. असो.

झोळीने सगळे साधले असे मात्र समजू नका. आपल्या तालुक्यातली शेती कोरडवाहू. दिवाळी झाली, की मुकादमाची उचल घेतलेली माणसे टोळ्यांनी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात आई फडात जाणार, मग कोपीवर स्वयंपाक करावयास आणि धाकट्याला धरावयास थोरली मुलगी पाहिजे. माझ्या वर्गाचा पट दिवाळीनंतर निम्म्यावर येई. मुलगा असला तर त्याला आजीजवळ ठेवीत, मुलगी जाई. तीच दारात उभी राहिलेली मुलगी, चौथीला वर्गात पहिली आली. पाचवी दुसऱ्या गावी होती. तेथे लहान भावाला वर्गात घेतले नाही. दोन महिने ती एकटी गेली, मग कार्तिकात आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली, आणि पुन्हा आली ती थेट लग्न ठरल्यावर, मला निमंत्रण द्यावयास. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मुलीच्या लग्नाचे वय अठरा करणारा कायदा १९७८ मध्येच झाला होता. मी तिच्या बापाला तो सांगितला. तो म्हणाला, "बाई, साखर कारखान्यावर तरण्या पोरीला कोपीत एकटी ठेवून मी फडात कसा जाऊ? तुम्ही ठेवता का?" मला तेव्हा स्वतःची दोन होती, घर दोन खोल्यांचे. मी उत्तर दिले नाही. अलीकडे अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती तेव्हा असती तर मला बोलावयास तोंड होते.

ती बाई आज अंगणवाडीत मदतनीस आहे. ही अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची. पण अंगणवाडी काही तास भरते, आणि तिन्हीच्या आतले लेकरू तेथे दिवसभर राहत नाही. खाऊ मिळतो, तो घेऊन घरी जावयाचे.

आता कोणी म्हणेल, की बाई, हे जुने झाले. मी निवृत्त झाल्यावर पुण्याला मुलाकडे आठ महिने राहिले. सून कचेरीत जाते, नात लहान. तिला इमारतीतल्याच पाळणाघरात ठेवीत. तेथे एक बाई पंधरा मुलांना सांभाळीत होती. मी सहज विचारले, "तुझे मूल कुठे?" तर म्हणाली, "गावाकडं, आईपाशी." पुष्कळ जणी मला विचारतात, की मुलगा चांगला असून तुम्ही कंधारला एकट्या का राहता. मुलगा चांगलाच आहे, सूनही. पण तेथे दुपारी माझी ओळख फक्त टी.व्ही.शी होती. येथे दारावरून जाणारा माणूस 'बाई' म्हणून थांबतो.

२०१७ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. चांगले झाले. पण स्टँडजवळ भाजी घेऊन बसणारी, कापूस वेचावयास जाणारी, शिवणकाम करणारी, खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणारी आपल्या गल्लीतली मुलगी, यांच्या मालकाकडे पन्नास माणसे कोठून येणार? सरकारने २०२२ मध्ये 'पाळणा' नावाची योजना आणली आहे. तिच्यासाठी अर्ज जरूर करावा, पण तोवर बसून राहू नये.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आपला हा हॉल हळदीकुंकू, भजन आणि वर्धापनदिन सोडला तर दुपारी कुलूपबंद असतो. आपल्यात निवृत्त झालेल्या, नातवंडे परगावी असलेल्या निदान वीस जणी आहेत. सकाळी अकरा ते पाच, दोघी-दोघींनी पाळी लावली, तर दहा-बारा लेकरे सहज सांभाळता येतील. सोमवार आणि गुरुवार मी घेते. दूध ज्याचे त्याने आणावे. औषध आपण कोणी द्यावयाचे नाही. ताप आला तर आईला फोन. पैसे किती घ्यावेत यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत, ते तेथेच मिटवू. माझे मत, की सांभाळणारीला थोडे तरी मिळाले पाहिजे, फुकट कामाला कोणी काम म्हणत नाही.

हॉलला आढे नाही, वर स्लॅब आहे. म्हणून चार लोखंडी कड्या बसवून घ्याव्या लागतील. लोहाराशी मी बोलले आहे, तो तयार आहे. ज्यांना नाव द्यावयाचे आहे त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे द्यावे. आणि घरी जुनी सुती लुगडी असतील तर घेऊन यावीत. नायलॉनची नकोत, लेकरू घसरते.