पाण्याला साखरेची सोबत

पावसाळा आला की घरोघरी एक जुना सल्ला ऐकू येतो. बाळाला जुलाब लागले की कुणीतरी वडीलधारे सांगते, "पाणी देऊ नका, प्यायलं की लगेच बाहेर पडतं." सल्ला मायेपोटीच दिलेला असतो, पण जुलाबात मूल दगावते ते बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार आटल्यामुळे. म्हणून आज आतडी पाणी कसे शोषतात, हे आपण समजून घेऊ.

मोठा माणूस दिवसाकाठी दोनेक लिटर पाणी पोटात घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस मिळून त्यात आणखी सहा-सात लिटरची भर पडते. यातले जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर पाणी शौचावाटे जाते. बाकीचे सारे आतडी परत शोषतात, आणि त्यातले बहुतेक काम लहान आतड्याचे.

गंमत अशी, की पाणी आपणहून आत शिरत नाही. ते मिठातल्या सोडियमच्या मागोमाग जाते. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू आतड्यात विष सोडतात. त्यामुळे मिठाची एक वाट बंद होते आणि पेशी उलट पाणी बाहेर ओतू लागतात. मात्र दुसरी एक वाट उघडीच राहते. तिथे सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच प्रवेश मिळतो. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग येथे मांडली. म्हणजे नुसते पाणी पुरेसे नाही, नुसते मीठही नाही. सोबत थोडी साखर हवी.

या ज्ञानाची खरी कसोटी 1971 साली लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव येथे पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करवल्या, पाण्यात मिसळल्या आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. 2022 साली ते निवर्तले. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

ही जलसंजीवनी आज आरोग्य केंद्रात आणि औषधाच्या दुकानात मिळते. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. मूठ-चिमटीचा हिशेब नको, कारण प्रत्येकाची मूठ निराळी. साखर जास्त झाली तर ती पाणी आतड्यातच ओढून धरते आणि जुलाब वाढतात. बाटलीतली गोड पेये द्यायची नाहीत, ती याचसाठी.

एक गोष्ट मात्र आयांनी ध्यानात ठेवावी. जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. "गुण येत नाही" म्हणून ती बंद करू नका. तिचे काम गेलेले पाणी भरून काढण्याचे आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध तोडू नका. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात द्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही द्या.

डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. वाटेतही चमचा चालू ठेवा. आतड्यातली ती एक वाट अजून उघडी असते, तिचा फायदा बाळाला मिळू द्या.